हॉर्नचा सराव

पहिल्या कंपनीने विचारलं, मुलगी चालते का?
चालते म्हटलं. धावते. कठडा दिसला की चढतेसुद्धा.
मग अडचण काय, म्हणाले.
मी अडचण सांगत होते तेव्हा
पलीकडे कुणीतरी स्टेपलर दाबत होतं, टक, टक,
आणि मग, मॅडम, आम्ही परत फोन करतो.

दुसऱ्यांनी फॉर्म पाठवला.
'बोलते', 'बोलत नाही', अशा दोन चौकटी.
कौमुदी 'पाणी' म्हणते. कधी नळ बघून, कधी समुद्र बघून,
एकदा झोपेत, काहीच कारण नसताना.
मी दोन चौकटींच्या मधल्या रेघेवर खूण केली.
फॉर्म परत आला: अपूर्ण.

तिसऱ्यांकडे बस होती, मदतनीस बाई नव्हती.
चौथ्यांकडे बाई होती, पण
गुदैबियातून रिफाला जाताना म्हणे
आमची गल्ली आडवाटेला पडते.
सात वर्षं राहतोय इथे. आज कळलं.

हेरंब भट्टीवर असतो. पहाटे पाचला त्याची बस येते,
वेळेवर, गारेगार, दर सीटला पडदा.
माणसांना ॲल्युमिनियमपर्यंत पोचवायची सोय चोख आहे.
मी लायसन्सच्या परीक्षेत तीनदा नापास,
तिन्ही वेळा त्याच गोल चौकात.
शिरायची फट मला दिसते,
पण ती माझ्यासाठी आहे असं वाटत नाही.

बेकरीवाल्याच्या ओळखीने शेवटी उम्म जाफर मिळाली.
सोळा सीटची व्हॅन, एका अंगाने चेपलेली,
महिना पंचवीस दिनार.
तिचं हिंदी आणि माझं अरबी मिळून
कसंबसं एक वाक्य व्हायचं.
मी मोबाइलवरची यादी वाचली:
पट्ट्याचं लाल बटण दिसलं की दाबते,
गाणी नकोत, खिडकी डावीच हवी,
केसांना हात लावू नका.
माफी मुश्किल, ती म्हणाली.
इथे सगळे सगळ्यालाच माफी मुश्किल म्हणतात,
गळक्या एसीला, अडकलेल्या व्हिसाला,
म्हणून मी यादीत नसलेलं विचारलं:
ती झोपली आणि तुम्ही विसरलात तर?
ती हाक मारणार नाही.

उम्म जाफरने अबायाच्या बाहीने आरसा पुसला.
रोज मागच्या सीटपर्यंत जाते मी, वल्ला.
पण मीही माणूसच.
हॉर्न शिकव तिला.

म्हणून ऑगस्टातले शुक्रवार.
सकाळी सातला, गल्ली झोपलेली असताना,
फुर्तादोंची गाडी उसनी, चारी दारं सताड उघडी.
कुकरच्या शिट्टीला जी पलंगाखाली जाते
तिला मी जगातला सगळ्यात वाईट आवाज
स्वतः काढायला शिकवतेय.
पहिल्या शुक्रवारी मी दाबून दाखवला,
ती माझ्या मनगटाला चावली.
दुसऱ्या शुक्रवारी तिच्या हाती भलताच दांडा लागला,
काचेवर फवारा उडाला,
'पाणी,' ती म्हणाली. अगदी बरोबर होतं.
तिसऱ्या शुक्रवारी नुसतेच कान झाकून बसली.
कान झाकायला दोन हात लागतात.
तिसरा हात कुठून आणू?

चौथ्या शुक्रवारी मी काहीच बोलले नाही.
घाम पुसत दाराशी उभी राहिले,
मनात लायसन्सची फी मोजत.
कौमुदीने कान गच्च झाकले,
डोळे मिटले,
आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकवून
दाबलं.

कबुतरं उडाली. लांबलचक, न थांबता,
बोकडासारखा ओरडत राहिला फुर्तादोंचा हॉर्न.
तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली,
एक उघडाबंब माणूस मल्याळममध्ये
काय काय बोलत सुटला.
ओरड बाबा, म्हटलं, ओरड.
म्हणजे वरपर्यंत ऐकू गेलं.